वर बर्फ, खाली साखर

आत्ता घरी असाल तर जरा स्वयंपाकघरात जा. एक पाट घ्या. त्यावर ओला करून घट्ट पिळलेला पंचा अंथरा. पंचाच्या डाव्या अर्ध्या भागावर साखरेचा पातळ थर पसरा, उजवा भाग तसाच राहू द्या. आता दोन्हीकडे सारखाच मैदा चाळा आणि उलथन्याने हलक्या हाताने दाबून घ्या. वरून बघितलं तर सगळं एकसारखं पांढरंशुभ्र. साखर कुठे आहे आणि कुठे नाही, हे तुमच्या आईलाही ओळखता येणार नाही. आता पाटाची वरची बाजू हळूहळू उचलायला लागा.

डावीकडचा मैदा आधी तडकेल. वडी कापताना पडते तशी सरळ चीर पडेल आणि तुकडाच्या तुकडा साखरेवरून सटकन खाली येईल. उजवीकडचा मैदा पंचाला धरून अजून जागेवरच असेल. मैदा तोच, उतारही तोच. फरक फक्त खाली काय आहे याचा.

डोंगरावरच्या बर्फाचंही बऱ्याचदा असंच होतं. त्यालाच आपण हिमस्खलन म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, बारामती-इंदापूरच्या माणसाला हिमस्खलनाचं काय? आपल्याकडे थंडी म्हणजे भिगवणला पक्षी आले, द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटल्या आणि सकाळच्या एसटीत सगळे मफलर गुंडाळून बसले, एवढंच. पण जरा तुमच्या कॉलेजचे व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. डिसेंबर-जानेवारी आला की केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास अशी नावं सुरू होतात. कुणाचा तरी भाऊ जाऊन आलेला असतो, कुणीतरी रील टाकलेली असते, आणि ज्यांनी आयुष्यात फ्रीजरमधला सोडून दुसरा बर्फ बघितलेला नाही असे आपण सहा-आठ जण दौंडहून दिल्लीची गाडी पकडतो.

मीही पकडली होती.

नीचे देखो

गेल्या जानेवारीत आम्ही सहा जण सांक्रीहून निघणाऱ्या एका हिवाळी ट्रेकला गेलो. दोघे इंदापूर तालुक्यातले, चौघे बारामतीचे. सह्याद्रीत राजगड, हरिश्चंद्रगड वगैरे झालेलं, त्यामुळे कॉन्फिडन्स भरपूर. वरच्या कॅम्पवर पोचलो आणि बर्फ पडायला लागला. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस पडतच होता. तंबूवरचा बर्फ दर दोन तासांनी आतून झटकायला लागायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी चेन उघडून बाहेर डोकं काढलं तर वर निळंशार आकाश, कडक ऊन आणि सगळीकडे गुडघाभर नवा कोरा बर्फ. मोबाईलच्या वॉलपेपरवर असतं अगदी तसं.

आम्ही बूट चढवून तयार. आणि गाईड म्हणाला, आज वर जायचं नाही.

गाईड तिकडच्याच गावातला, तिशीतला. आम्ही त्याला भैया म्हणायचो. आमच्यातला एक जण तर चिडलाच. "काल पडत होता तेव्हा नाही म्हणालात, ठीक आहे. आज तर एवढं ऊन पडलंय. आम्ही पैसे काय फुकट भरलेत का?" हे सगळं त्याने हिंदीत सांगितलं, मराठी वळणाच्या हिंदीत. भैयाने वाद घातला नाही. फावडं उचललं, आम्हाला कॅम्पच्या मागे सुरक्षित जागी असलेल्या एका छोट्या उतारावर नेलं आणि कमरेएवढा खड्डा खणला. खड्ड्याची एक भिंत हाताने साफ केली. भिंतीत थर दिसत होते, केकमध्ये दिसतात तसे. वरचा दोन रात्रींचा बर्फ दाबून बसलेला, त्याखाली जरा कडक थर, आणि अगदी तळाशी, जमिनीलगत, वीतभर जाडीचा करड्या रंगाचा भुसभुशीत थर.

भैयाने त्या तळातून मूठभर बर्फ काढला आणि माझ्या हातमोज्यावर ओतला. "ऊपर मत देखो, नीचे देखो. ये देखो, चीनी."

खरंच साखर होती ती. म्हणजे तसा बर्फच, पण एकेक दाणा सुटा, टोकदार, चमकणारा. दाबून लाडू वळायचा प्रयत्न केला तर वळेना, बोटांतून नुसता सांडत होता. आमच्याकडे गाळप हंगामात कारखान्यावर गेलं की पट्ट्यावरून पडणारी साखर हातात घेऊन बघतात, अगदी तशी. ज्या मित्राने पैशावरून वाद घातला होता त्याच्या घरी पाच एकर ऊस आहे. तोही गप्प झाला.

भैया म्हणाला, या साखरेवर दोन दिवसांत एवढं वजन पडलंय. वरचा उतार याच्यापेक्षा उभा आहे. तिथे खाली काय आहे हे मला माहीत नाही, पण इथे हे असेल तर तिथेही असणार. चला, चहा घेऊ.

आम्ही खाली उतरलो.

साखर बनते कशी?

घरी आल्यावर मी यावर जे मिळेल ते वाचलं. जगभरातले गिर्यारोहक या थराला बोलीभाषेत खरोखर शुगर स्नो म्हणतात. आपण साखरपट्ट्यातली माणसं, आपल्याला तरी हे माहीत हवं.

झालं असं असतं की हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, थोडासा बर्फ पडतो आणि मग बरेच दिवस काहीच पडत नाही. रात्री आकाश मोकळं, थंडी उणे दहा, उणे पंधरा. पण बर्फाखालची जमीन उबदार असते. उबदार म्हणजे शून्याच्या आसपास, पण वरच्या मानाने उबदारच. बर्फ पातळ असेल तर या फूट-दोन फूट जाडीत तापमानाचा एवढा मोठा फरक पडतो. मग खालच्या बर्फातून वाफ निघते आणि वरच्या थंड कणांवर जाऊन पुन्हा गोठते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब लागतात ना, तसंच समजा, फक्त इथे थेंबाऐवजी स्फटिक तयार होतात. काही दिवसांत, काही आठवड्यांत मऊ बर्फाचे कण टोकदार आणि सुटे होऊन जातात. एकमेकांना धरून ठेवत नाहीत. हा झाला कच्चा थर.

नेमकी हीच गोष्ट आपल्याला उलटी वाटते. यंदा बर्फ कमी पडलाय म्हणजे धोका कमी, असं आपण धरून चालतो. पण पातळ बर्फ आणि कोरडी कडाक्याची थंडी हीच साखर बनवायची भट्टी असते. ती साखर तळाशी गप्प पडून राहते. मग जानेवारीत भूमध्य समुद्राकडून पश्चिमी चक्रावात येतो. बातम्यांत आपण हे नाव ऐकतो ते अवकाळी आणि गारपिटीच्या भीतीने, कारण त्याचा परिणाम कधीकधी आपल्या द्राक्ष-डाळिंबापर्यंत पोचतो. तिकडे तोच चक्रावात दोन दिवसांत फूट-दोन फूट बर्फ टाकून जातो. वारा तो बर्फ दाबून घट्ट करतो. खाली साखर, वर घट्ट पाटी. तिकडच्या भाषेत या वरच्या पाटीला स्लॅब म्हणतात. स्लॅब म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खालची सेंटरिंग कच्ची असली की काय होतं, तेही सांगायला नको.

एका एकरात चारशे टन

बर्फ दिसतो कापसासारखा, म्हणून वजनाचा अंदाज येत नाही. आपल्या हिशेबात बोलू. ताजा भुसभुशीत बर्फ एक घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे साखरेची दोन पोती. वाऱ्याने दाबलेला असेल तर ३०० किलोपर्यंत. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्या एका एकरावर एक मीटर ताजा बर्फ पडला तर वजन झालं ४०० टन. आपल्याकडे एकरी पन्नास टन ऊस निघाला तर माणूस गावभर सांगत सुटतो. म्हणजे आठ एकरांचा ऊस एका एकरावर रचून ठेवला आणि तोही उतारावर, साखरेच्या दाण्यांवर. आता त्यावर तुम्ही चालत निघालात.

पुढचं वाक्य दोनदा वाचा. ट्रेकर, स्कीअर, गिर्यारोहक यांच्या हिमस्खलनांतल्या अपघातांचा जगभरातला अनुभव असा की, दहापैकी साधारण नऊ वेळा तो बर्फ सुटतो तो स्वतः त्या माणसाच्या किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कुणाच्या वजनाने. ओरडल्याने हिमस्खलन होतं हे सिनेमातलं. खरं कारण आपले पाय असतात. त्यासाठी त्याच उतारावर असायलाही लागत नाही. कच्चा थर सलग असेल तर खालच्या सपाटीवर पाय ठेवल्यावर तडा वर पळत जातो आणि डोक्यावरचा उतार सुटतो.

उतार केवढा हवा? ३० ते ४५ अंश. तुमच्या घराच्या गच्चीचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. त्याहून सपाट उतार सहसा सुटत नाही. खूप उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. म्हणजे ज्या उतारावरून बसून घसरायचा आणि रील काढायचा मोह होतो, नेमका तोच.

आपल्या पेपरांत बातमी येते तेव्हा हेडिंगमध्ये अनेकदा 'हिमकडा कोसळला' असं असतं. मी स्वतः आता डेस्कवर बसते, त्यामुळे हेडिंगला जागा किती कमी असते हे मला माहीत आहे. पण त्या शब्दामुळे वाचणाऱ्याला वाटतं, वरून कुठून तरी कडा पडला, नशीब खराब. खरा बर्फाचा कडा कोसळतो तेही होतं. पण ट्रेकला गेलेल्या माणसाला जो धोका असतो, त्यात बहुतेक वेळा कडा कोसळत नाही, आपण उभे असलेली जमीनच निघून जाते.

ऊन पडलं म्हणजे संपलं नाही

आपल्याला दरडीची भाषा कळते. ३० जुलै २०१४ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. तेव्हापासून मुसळधार पावसात डोंगराखाली थांबू नये हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण पाऊस थांबला, ऊन पडलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. बर्फाच्या बाबतीत तिथेच गफलत होते.

मोठी हिमवृष्टी झाल्यावरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. २४ तासांत फूटभर किंवा जास्त नवा बर्फ पडला असेल तर जाणकार लगेच सावध होतात. वारा असेल तर आणखी, कारण वारा बर्फ एका बाजूने उचलून कड्याच्या पलीकडे नेऊन टाकतो आणि तिथे न पडलेला बर्फही साठतो. माथ्यावर छज्जासारखा पुढे आलेला बर्फ दिसला तर समजा की त्याच्या खालच्या उतारावर वाऱ्याने माल टाकलाय. आणि एकदम ऊन पडून तापमान चढलं, तर वरचा थर ओला होऊन जड होतो. म्हणजे ज्या सकाळी आपल्याला वाटतं की आता निघायला हरकत नाही, त्या सकाळी तिन्ही गोष्टी जमून आलेल्या असतात.

नवा बर्फ तीन-चार दिवसांत दबून एकमेकांना धरतो, त्यामुळे थांबण्यात अर्थ असतो. पण तळाशी साखर असेल तर ती दोन दिवसांत बरी होत नाही. कधी कधी आठवडेच्या आठवडे तशीच राहते.

डोंगर कधी कधी आधी सांगतोही. चालताना पायाखालून 'धप्प' असा खोल आवाज आला, जणू खालची पोकळी बसली, तर तो कच्चा थर मोडल्याचा आवाज. पावलापासून बर्फात तडे पळत गेले, तेही तेच. आजूबाजूच्या तशाच उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं, तर याहून स्पष्ट पाटी कुणी लावणार नाही. यातलं काहीही दिसलं की परत फिरायचं, चर्चा नंतर.

बातमी आपल्या शेजारी येते तेव्हा

३ फेब्रुवारी २०१६. सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवर सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली. दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. मी तेव्हा शाळेत होते. ११ फेब्रुवारीला तेही गेले. त्या दहा जणांत सुनील सूर्यवंशी होते, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे. आपल्यापासून फलटण ओलांडलं की माण. दुष्काळी भागातला, पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या मुलखातला माणूस बर्फाखाली गेला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या गुरेझमध्ये लष्कराच्या छावणीवर आणि गस्तीवर हिमस्खलन झालं, त्यातही महाराष्ट्रातले जवान होते. जवानांना जागा निवडता येत नाही. आपल्याला येते.

४ ऑक्टोबर २०२२. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक 'द्रौपदी का डांडा-२' या शिखराजवळ असताना उतार सुटला. २७ मृतदेह सापडले, दोघे सापडलेच नाहीत. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं केली होती. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं या संस्थेचा बेसिक कोर्स करायला जातात, तुमच्या ओळखीतलं कुणी असेल. सांगायचा मुद्दा एवढाच की बर्फ तुमचा अनुभव विचारत नाही.

४ एप्रिल २०२३. सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाला जाणाऱ्या रस्त्यावर सात पर्यटक गेले. ते ट्रेकर नव्हते, शिखरावर चालले नव्हते. गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली साधी माणसं. परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती आणि लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं.

आणि २८ फेब्रुवारी २०२५. बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या ५४ कामगारांच्या कॅम्पवर बर्फ आला. ४६ जण वाचले, आठ गेले. अनेक जण वाचले कारण ते लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि आत श्वास घ्यायला हवा शिल्लक राहिली.

हवा. सगळा खेळ तिथे येऊन थांबतो.

पंधरा मिनिटं

सुटलेली स्लॅब काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. पळून कुणी सुटत नाही. थांबल्यावर तो बर्फ ओतलेल्या सिमेंटसारखा आवळून बसतो, बोटही हलत नाही. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की तिघांतला एक. बहुतेक जण थंडीने मरत नाहीत, गुदमरून मरतात.

आता हिशेब करा. फोनला रेंज नाही. खालच्या गावातून माणसं यायला तीन तास. हेलिकॉप्टर हवामान बघून. म्हणजे पंधरा मिनिटांत तुम्हाला काढणारी माणसं फक्त तुमच्यासोबत चालणारी. त्यांच्याकडे तीन वस्तू लागतात. एक, प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारा छोटा ट्रान्सीव्हर. दोन, बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब घडीची काठी. तीन, फावडं. आणि या तिन्ही वापरायचा सराव. आमच्या ग्रुपमध्ये सहा पॉवर बँक होत्या, दोन ब्लूटूथ स्पीकर होते आणि एक ट्रायपॉड होता. फावडं एकच, भैयाचं. तोच गाडला गेला असता तर आम्ही काय करणार होतो, हा प्रश्न मला बारामतीत परत आल्यावर पडला.

निकाल कधीच लागत नाही

आता या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त छळणारा भाग.

त्या दिवशी काही झालं नाही. शेजारच्या कॅम्पवरचा एक ग्रुप वर गेला, शिखर करून दुपारी हसत खाली आला. आम्ही चहा पीत बसलो होतो. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर त्यांच्यातल्या एकाची रील बघितली, मागे जोशातलं गाणं, खाली 'समिट डन'. आमचा मित्र परतीच्या गाडीत दौंडपर्यंत एकच वाक्य बोलत होता, "बघ, गेलो असतो ना." अजूनही कट्ट्यावर विषय निघाला की तो हेच म्हणतो. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, कारण पुरावा नव्हता.

बऱ्याच वाचनानंतर आता मला वाटतं, धोका नेमका इथे आहे. परीक्षेत चुकलं तर मार्क कापतात. औषध फवारायला उशीर झाला तर पानावर करपा दिसतो. पण बर्फावर चुकीचा निर्णय घेतला तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही. तुम्ही वर जाता, फोटो काढता, खाली येता आणि समजता की आपल्याला कळतं. उतार सुटला नाही हे कळलं, का सुटला नाही हे नाही. कदाचित तुमचा पाय कच्च्या जागेपासून दोन हात लांब पडला असेल. मग पुढच्या वेळी जास्त धीट होता. परत फिरणाऱ्याला तर शाबासकीही मिळत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

म्हणून जाऊन आलेल्यांच्या रील हा पुरावा धरू नका. निर्णय घ्यायचा तो खड्ड्यातल्या थरांवर, दोन दिवसांत पडलेल्या बर्फावर, वाऱ्यावर आणि उताराच्या कोनावर.

माझ्या बाबांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, पैसे वाया गेले म्हणून बोलतील. ते म्हणाले, "अगं, वाफसा नसताना रानात ट्रॅक्टर घालतो का आपण? वरून वाळलेलं दिसतं, आत चिखल असतो. चार दिवस थांबायचं." त्यांनी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही. पण मला भैयाचं म्हणणं त्यांच्यामुळे नीट कळलं.

बुकिंग करण्याआधी हे विचारा

'जाऊ नका' असं मी अजिबात म्हणणार नाही. अन्नपूर्णा हे हिमस्खलनांसाठी जगात बदनाम असलेलं शिखर आहे, आणि १६ एप्रिल २०२१ ला तिथे पोचणारी पहिली भारतीय महिला साताऱ्याची प्रियांका मोहिते आहे. आपल्या मातीतली माणसं जातात, जायलाच हवं. फक्त ॲडव्हान्स भरण्याआधी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा.

१. जोरदार बर्फ पडला तर पुढे जायचं की नाही हे कोण ठरवणार? उत्तर 'बघू' असेल तर तुम्हीही पैशाचं बघू म्हणा.

२. राखीव दिवस आहे का? नसेल तर गाईडवर त्याच दिवशी शिखर करायचं दडपण येतं.

३. गाईडने गिर्यारोहण संस्थेचा कोर्स केलाय का, आणि ग्रुपमध्ये फावडं, काठी, ट्रान्सीव्हर किती?

४. वाटेवर ३० अंशांहून उभा उतार कुठे आहे, आणि रात्रीचा कॅम्प अशा उताराच्या पायथ्याशी तर नाही ना? फोनवर कोन मोजणारी ॲप मिळतात, सह्याद्रीतच सराव करा.

५. हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघणार? चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी असे इशारे देते. पूर्वी तिचं काम 'सासे' या नावाने चालायचं, १९६९ पासून. जगात सहसा धोक्याच्या पाच पातळ्या धरतात. युरोपात सर्वाधिक जीव चौथ्या-पाचव्या पातळीवर जात नाहीत, तिसऱ्या पातळीवर जातात. पाच म्हटलं की माणूस घरी बसतो. तीन म्हटलं की 'मध्यमच आहे' म्हणून निघतो.

आणि सहावी गोष्ट, ही गाईडला विचारायची नाही, आपापसांत ठरवायची. आमच्यापैकी एकानेही 'नको' म्हटलं तर सगळे फिरणार, टोमणे न मारता. हे बारामती स्टँडवर चहा पिताना ठरवायचं, वर बर्फात उभं राहून नाही.

यंदाही आमचा ग्रुप जानेवारीत निघतोय. तोच मित्र आहे. या वेळी त्याने स्वतःहून फावडं विकत घेतलंय, घडीचं. अजूनही म्हणतो, गेल्या वर्षी शिखर झालं असतं. मी म्हटलं, झालंही असतं. पण फावडं तूच आणलंस ना?

तो हसला आणि फावडं सॅकला बांधायला लागला.